मिठाला जागणारी विद्या

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यातले शिरड शहापूर हे गाव भगवान मल्लिनाथांचे अतिशय क्षेत्र म्हणून श्रावकांना परिचित आहे. येथील मूर्ती मूळची नांदेडजवळच्या अर्धापूरची आणि ती पुढे येथे आणली गेली, अशी परंपरा आहे. दर्शनाला येणारी व्यापारी कुटुंबे परतताना वसमतच्या बाजारातील हळदीचे भाव विचारतात आणि आपापल्या गावी जातात. याच तालुक्यात बंजारा समाजाचे तांडेही आहेत. तांड्यातील माणूस बाजाराला येतो, गादीवरील शेठजींशी मराठीत व्यवहार करतो आणि घरी परतल्यावर आपल्या गोरमाटी बोलीत बोलू लागतो. गादी आणि तांडा यांचा हा संबंध फार जुना आहे. तो किती जुना, हे खुद्द शब्दच सांगतात. ‘वाणी’ हा शब्द संस्कृतातील ‘वणिज्’ पासून आला आणि ‘बंजारा’ या शब्दाचे मूळही भाषाशास्त्रज्ञ ‘वाणिज्य’ करणाऱ्यातच शोधतात. एक बसून व्यापार करणारा, दुसरा चालत व्यापार करणारा, इतकाच काय तो भेद.

बंजाऱ्यांचे दुसरे नाव ‘लमाण’. ते ‘लवण’ म्हणजे मीठ या शब्दाशी जोडले जाते. किनाऱ्याचे मीठ दख्खनच्या पठारावर आणि पठाराचे धान्य दूरदूरच्या बाजारपेठांत बैलांच्या पाठीवरून नेणे, हा त्यांचा पिढीजात व्यवसाय होता. १८०३ च्या दख्खनच्या मोहिमेत आर्थर वेलस्लीच्या सैन्याला धान्यपुरवठा करण्यात त्यांचाच मोठा वाटा होता. पुढे पक्के रस्ते झाले, १८५३ मध्ये मुंबई–ठाणे आगगाडी धावली आणि १९०० च्या सुमारास मनमाड–हैदराबाद लोहमार्ग मराठवाड्यातून गेला. बैलांच्या पाठीवरचे ओझे उतरले आणि त्याबरोबर तांड्याची चूलही थंडावली. मीठ वाहणारा माणूस शेतमजूर झाला, ऊसतोडीला जाऊ लागला.

आता त्याच तांड्यातील मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयाची पदवी घेते. नांदेड येथे १९९४ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्यापासून हिंगोली, परभणी, नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांतील तरुणांना उच्च शिक्षणाचे दार जवळ आले आहे. एखादा वाणिज्य शाखेचा, एखादी परिचारिका, एखादा कायद्याचा, एखादी मराठी साहित्याची. पदवी मिळाल्यावर कधीतरी प्रश्न पडतो की आपण मूळचे कोण? आणि बहुधा याच सुमारास कानावर येते की युरोपात ‘रोमा’ नावाचा एक समाज आहे, तो भारतातून गेला आहे आणि ते आपलेच भाऊबंद आहेत. हे ऐकून मन हरखून जाते. परंतु विद्येच्या पेढीवर कोणतीही हुंडी तपासल्यावाचून वटत नाही. ही हुंडी किती खरी, हे पाहणे म्हणूनच उद्बोधक आहे.

युरोपात रोमा समाजाची संख्या सुमारे एक कोटी किंवा त्याहून अधिक मानली जाते. हे लोक ‘इजिप्त’मधून आले असावेत, या गैरसमजातून त्यांना ‘जिप्सी’ हे नाव पडले. ते भारतातून आले हे उलगडले अडीचशे वर्षांपूर्वी आणि ते उलगडले कोणा राजामुळे अथवा मोठ्या मोहिमेमुळे नव्हे, तर साध्या शब्दांच्या यादीमुळे. सांगतात की, वायी इश्तवान नावाच्या हंगेरीतील धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याने हॉलंडमधील लायडन येथे मलबारकडून आलेल्या विद्यार्थ्यांचे शब्द टिपून घेतले आणि घरी परतल्यावर त्यांपैकी अनेक शब्द तेथील रोमांना समजले. ही हकिगत १७७६ मध्ये व्हिएन्नातील एका नियतकालिकात छापली गेली. तिच्या तपशिलांविषयी पुढील संशोधकांनी शंका घेतल्या आहेत. मात्र १७८२ मध्ये जर्मनीतील हाले येथील योहान रुडिगर यांनी जे केले, त्याविषयी शंका नाही. रुडिगर यांचा अध्यापनाचा विषय राज्यकारभार आणि अर्थव्यवस्था हा होता. त्यांनी बार्बरा माकेलिन नावाच्या एका रोमा स्त्रीला काही वाक्ये तिच्या भाषेत सांगावयास लावली, ती हिंदुस्तानीच्या व्याकरणाशी ताडून पाहिली आणि ही भाषा भारतीय आहे असा निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्या स्त्रीचे नाव त्यांनी नोंदवून ठेवले, ही गोष्ट लहान असली तरी मोलाची आहे.

या विद्येचा पुढचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. येथे एका शाखेचे लोक क्वचितच भेटतात. ऑगस्ट पॉट यांनी १८४४–४५ मध्ये रोमानीचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. ते भाषाशास्त्राचेच होते. परंतु १८७० मध्ये तुर्की साम्राज्यातील रोमांच्या बोलीवर ग्रंथ लिहिणारे अलेक्झांडर पास्पाती हे कॉन्स्टँटिनोपलमधील वैद्य होते. व्हिएन्नातील फ्रान्झ मिक्लोसिच यांनी कायद्याचीही पदवी घेतली होती. १९२६ मध्ये वेल्समधील रोमांच्या बोलीचा प्रमाणग्रंथ प्रसिद्ध करणारे जॉन सॅम्पसन यांची शाळा वयाच्या चौदाव्या वर्षी सुटली होती. ते छपाईच्या कामात उमेदवारी करून पुढे लिव्हरपूल येथे विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. प्रागमधील मिलेना ह्युब्श्मानोव्हा या तर हिंदीच्या विद्यार्थिनी होत्या. १९५० च्या दशकात ओस्त्रावा येथे विद्यार्थ्यांच्या श्रमपथकात काम करीत असताना शेजारच्या रोमा कामगारांचे बोलणे त्यांच्या कानी पडले आणि वर्गात शिकलेल्या हिंदीचे शब्द त्यात ऐकू आले. पुढे १९९१ मध्ये प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात त्यांनी रोमानी अध्ययनाचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला.

महाराष्ट्राचाही या कथेत एक धागा आहे. मराठी भाषेचा पहिला शास्त्रशुद्ध इतिहास ज्यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केला, त्या फ्रेंच पंडित झ्यूल ब्लोक यांनीच १९५३ मध्ये रोमांवर एक छोटेखानी पुस्तक लिहिले. ज्या पंडिताने ज्ञानेश्वरीच्या भाषेची वाट शोधली, त्यालाच युरोपातील वाटसरूंच्या भाषेचीही ओढ वाटावी, हे सहज घडलेले नाही. दोन्ही भाषा एकाच जुन्या घरातून निघालेल्या आहेत.

व्यापाऱ्याला हे पटविण्यासाठी आकडेच पुरेत. रोमानीत पाच म्हणजे ‘पांज’, दहा म्हणजे ‘देश’, वीस म्हणजे ‘बिश’. पाणी म्हणजे ‘पानी’, कान म्हणजे ‘कन’, नाक म्हणजे ‘नख’, आग म्हणजे ‘याग’. परंतु सहापर्यंत भारतीय वाटेने आलेली मोजणी सातला येऊन एकदम वळण घेते. सात ‘एफ्ता’, आठ ‘ओख्तो’, नऊ ‘एन्या’, हे तिन्ही शब्द ग्रीक आहेत. रस्त्यासाठीचा ‘द्रोम’ हा शब्दही ग्रीकच. घोड्याला ते ‘ग्रास्त’ म्हणतात. तो शब्द आर्मेनियन असून त्याचा मूळ अर्थ ओझ्याचे जनावर असा आहे. दैवाला ‘बख्त’ म्हणतात, तो फारसी. जुन्या खतावणीत जसा प्रत्येक मुक्कामाचा जमाखर्च उमटावा, तसा इराण, आर्मेनिया आणि ग्रीक भाषिक प्रदेश असा सगळा प्रवास या बोलीत उमटला आहे. ज्यांनी कधी बखर लिहिली नाही, त्यांची बखर त्यांच्या जिभेवर शिल्लक राहिली.

आणि मिठाला रोमानीत काय म्हणतात? ‘लोन’. आपले लोणचे, बुलढाण्याचे खारे लोणार, मीठ वाहणारा लमाण आणि युरोपातील रोमा आईने पोराला सांगितलेला ‘लोन’ हे चारही एकाच लवणाचे.

येथेच सावधगिरी हवी. शब्द एका घरचा निघाला म्हणून माणसे एका तांड्याची ठरत नाहीत. बंजाऱ्यांची बोली राजस्थानीच्या कुळातील आहे. रोमानी तिच्यापूर्वी बऱ्याच शतकांपूर्वी वेगळी झाली. राल्फ टर्नर यांनी १९२६ मध्ये दाखवून दिले की, रोमानीचे मूळ मध्य भारतीय भाषांशी जुळते आणि नंतर तिचा दीर्घ मुक्काम वायव्येकडे झाला. रोमानीत पुल्लिंग आणि स्त्रीलिंग अशी दोनच लिंगे आहेत, मराठीत मात्र ‘ते पाणी’, ‘ते मीठ’ असे नपुंसकलिंग आजही जिवंत आहे. उत्तरेकडील भाषांतून नपुंसकलिंग लोपल्यानंतर रोमांचे पूर्वज निघाले असावेत, असा तर्क अभ्यासकांनी त्यावरून केला आहे. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा अकरावा खंड १९२२ मध्ये ‘जिप्सी भाषा’ या नावाने निघाला. त्यात कोल्हाटी, बेलदारी, गारुडी, सिकलगारी अशा येथील भटक्यांच्या बोली आहेत; नाव तेच, नाते मात्र तेवढ्याने सिद्ध होत नाही. बंजारे स्वतःला ‘गोर’ आणि बाहेरच्यास ‘कोर’ म्हणतात. रोमा स्वतःला ‘रोम’ आणि बाहेरच्यास ‘गाजो’ म्हणतात. ही साम्ये मनाला भिडतात. ती रक्ताची आहेत की सारख्या आयुष्याची, हे ठरविताना घाई करणारा अभ्यासक ज्यांचे कौतुक करावयास निघाला, त्यांच्याच इतिहासावर खोटी नोंद टाकतो.

खोट्या नोंदीचे परिणाम काय होतात, याचा एक दाखला प्रत्येक पदवीधराने लक्षात ठेवावा असा आहे. नाझी जर्मनीत एव्हा युस्टिन नावाची एक तरुणी होती. शिक्षणाने ती परिचारिका. तिला रोमांची भाषा अवगत होती, त्यामुळे त्यांच्या वस्त्यांत तिला प्रवेश मिळत असे आणि लोक तिच्यापाशी मन मोकळे करीत. रॉबर्ट रिटर या वैद्याच्या हाताखाली ती हजारो कुटुंबांच्या वंशावळी लिहून घेण्याच्या कामात होती. डॉक्टरेटसाठी तिने मुल्फिंगेन येथील एका अनाथालयातील मुलांचा अभ्यास केला. या मुलांच्या आईवडिलांना त्याआधीच छावण्यांत पाठविण्यात आले होते. मुलांना मात्र प्रबंध पुरा होईपर्यंत ठेवण्यात आले. १९४३ मध्ये तिला पदवी मिळाली. ९ मे १९४४ रोजी ३९ मुलांना ऑशविट्झला नेण्यात आले. त्यांतील केवळ चार वाचली. युद्धकाळात मारल्या गेलेल्या रोमांच्या संख्येचे अंदाज दोन लाखांपासून पाच लाखांपर्यंत जातात. ज्या वंशावळी विश्वासाने सांगितल्या गेल्या, त्यांचाच याद्यांसाठी उपयोग झाला. त्या विदुषीस पुढे कोणतीही शिक्षा झाली नाही.

आपल्या देशातही याद्या झाल्या. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि तो पुढे देशभर पसरला. माणूस जन्मताच गुन्हेगार ठरे आणि त्याला पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या कायद्याचे जोखड उतरले. म्हणून या समाजांना ‘विमुक्त’ म्हणतात आणि महाराष्ट्रात बंजारा समाजाची गणना विमुक्त जातींत होते. त्या कायद्यामागेही ‘अभ्यास’ होता: अधिकाऱ्यांचे अहवाल, चालीरीतींच्या नोंदी, शरीरांची मोजमापे. ज्ञान आणि अहिंसा यांची फारकत झाली की ज्ञानच शस्त्र होते, हे सांगावयास वेगळ्या प्रवचनाची गरज उरत नाही.

म्हणूनच या विद्येत गेल्या पन्नास वर्षांत झालेला बदल महत्त्वाचा आहे. ज्यांच्याविषयी लिहिले जात होते, तेच लिहू लागले. इयन हँकॉक हे लंडनमध्ये वाढलेले रोमा. शाळा अर्धवट सुटलेली. तरीही लंडन विद्यापीठाने त्यांना १९७१ मध्ये डॉक्टरेट दिली आणि पुढे टेक्सास विद्यापीठात ते भाषाशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी ८ एप्रिलला लंडनजवळ पहिली जागतिक रोमा परिषद भरली. तो दिवस आज आंतरराष्ट्रीय रोमा दिन म्हणून पाळला जातो. त्या परिषदेस भारतातून वीर राजेंद्र ऋषी उपस्थित होते. ऋषींनी भारताच्या परराष्ट्र सेवेत काम केले होते आणि ते रशियन भाषेचे जाणकार होते. त्यांनी १९७३ मध्ये चंदीगड येथे भारतीय रोमानी अध्ययन संस्था स्थापन केली. १९७६ आणि १९८३ मध्ये चंदीगडला रोमांचे आंतरराष्ट्रीय महोत्सव झाले. मध्य युरोपीय विद्यापीठाने, आधी बुडापेस्ट येथे आणि नंतर व्हिएन्ना येथे, रोमा पदवीधरांसाठी पदव्युत्तर शिक्षणाच्या पूर्वतयारीचा अभ्यासक्रम चालविला आहे. कोणी कायद्याचा, कोणी समाजकार्याचा, कोणी अर्थशास्त्राचा पदवीधर असतो. पहिली पदवी कोणत्या विषयाची, हा तेथे अडसर ठरत नाही. घरी आजीकडून ऐकलेली भाषा आणि बाहेर शिकलेली विद्या यांची सांगड घालता येते की नाही, हे तेथे पाहिले जाते.

आता पुन्हा शिरड शहापूरकडे यावे. औंढा तालुक्यातील एखाद्या तांड्याचा इतिहास लिहावयाचा झाला, तर तो एका शाखेच्या पदवीधराला साधणार नाही. निजामाच्या राजवटीतील दप्तर फारसी-उर्दूत. पेढ्यांच्या वह्या मोडीत किंवा महाजनीत. होळीच्या लेंगी गीतांतील शब्द गोरमाटीत, आणि ती भाषा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नाही. बाळंतपणाच्या चालीरीती जाणण्यास परिचारिकेचा हात हवा, गहाणखत वाचण्यास कायदा हवा आणि खतावणीतील नावे-जमा समजण्यास वाणिज्य हवे. महाराष्ट्रातील भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा खंड २०१३ मध्ये अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली निघाला, त्यात भटक्या-विमुक्तांच्या बोलींना स्थान मिळाले आणि अनेक नोंदी त्या त्या बोली जाणणाऱ्यांनी लिहिल्या. वाट पडली आहे. चालणारे हवेत.

या वाटेवर व्यापारी कुटुंबांचे एक देणे आहे. जुन्या वाड्यांच्या माळ्यावर लाल बासनांत बांधलेल्या वह्या अजून अनेक ठिकाणी पडून आहेत. दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीच्या तराजूत जातात, कारण मोडी वाचणारे घरात कोणी उरलेले नसते. त्या वह्यांत कोणत्या नायकाने किती पोती मीठ उतरविले, कोणत्या साली धान्याचा भाव काय होता आणि कोणत्या हंगामानंतर तांड्याचे नाव दिसेनासे झाले, हे सारे असू शकते. तांड्याने स्वतः काहीच लिहून ठेवले नाही, त्यामुळे त्याच्या इतिहासाची लेखी बाजू कदाचित समोरच्या गादीवरच उरली असेल. एक बासन रद्दीत गेले की तेवढी वाट कायमची बुजते.

वही उघडावयास मात्र धैर्य लागते. तीत मिठाची पोती निघतील तसे व्याजही निघेल. कोठे रास्त, कोठे जड. गहाण राहिलेली चांदी निघेल, दुष्काळाच्या वर्षी लिहून घेतलेली जमीनही निघेल. पणजोबांच्या अक्षरातील एखादी नोंद आज वाचताना मान खाली जाईल, एखादी वाचून ती ताठही होईल. ‘घरातले घरात राहू द्या’ असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु वजनमापातील कमीअधिक हा अचौर्य व्रताचा अतिचार मानणाऱ्या आणि दरवर्षी क्षमावाणीच्या दिवशी ज्ञात-अज्ञात अपराधांची क्षमा मागणाऱ्या समाजाला, जुन्या हिशेबाकडे डोळे उघडे ठेवून पाहण्याची सवय असावयास हवी. लपविलेल्या वहीवर क्षमा मागता येत नाही.

विद्यार्थ्याकडेही काही मागणे रास्त आहे. वही हाताळताना पान फाडू नये, छायाचित्र काढून मूळ प्रत घरीच ठेवावी आणि हयात माणसांची नावे छापू नयेत. पेढीवर जी शिस्त, तीच तांड्यात. ज्या आजीने गीत सांगितले तिचे नाव तिला विचारूनच लिहावे, प्रबंध पुरा झाल्यावर तिच्यासमोर बसून तिच्या भाषेत वाचून दाखवावा आणि ती ‘असे नव्हते’ म्हणाली तर तेही नोंदवावे. रुडिगर यांनी बार्बरा माकेलिनचे नाव राखले, युस्टिनने मुलांची नावे यादीत घातली. दोघांच्या हातांत कागद-लेखणीच होती.

मराठीत खाल्ल्या मिठाला जागणे असे म्हणतात. शेठजींच्या पूर्वजांनी लमाणांनी वाहून आणलेले मीठ खाल्ले आहे आणि आजचा अभ्यासक तांड्यातील चुलीवरची भाकरी खाऊनच लिहिणार आहे. यंदाच्या दिवाळीत माळा आवरताना लाल बासन हाती आलेच, तर ते रद्दीवाल्याला देण्यापूर्वी तांड्यातील एखाद्या शिकणाऱ्या मुलीला घरी बोलवावे. ती वाणिज्याची असो, कायद्याची असो वा परिचारिका असो. तिला चहा द्यावा, बासनाची गाठ सोडावी आणि पहिले पान तिच्यासमोर ठेवावे.